दगडीपाल्याचं उत्तर

खर्ड्याच्या किल्ल्याजवळ निकितानं सकाळपासून खुडलेला दगडीपाला गोणपाटावर पसरला आणि ती पाणी प्यायला वळली. परत बघते तर काय — एक शेळी अर्धा ढीग फस्त करून निवांत तोंड हलवत उभी!

"अहो, कुणाची ही शेळी? माझा प्रयोग खाल्ला हिनं!"

तटाआडून एक तरुण धावत आला. शेळीला ओढता ओढता त्याला हसू आवरेना. "माफ करा म्याडम. पन तिला काय ठावं, प्रयोग हाय म्हनून?"

"नाव काय तुमचं?"

"श्रीमंत."

आता हसायची पाळी निकिताची होती.

त्यानं तिला पुन्हा पाला खुडून दिला. ती नगरच्या कॉलेजात एम.एस्सी. करत होती, पाल्याच्या अर्कानं जखमेतले जंतू मरतात का, ते तपासणार होती. ऐकून श्रीमंत एकदम गंभीर झाला.

"मरत्यात की! आई शेळ्यांच्या जखमांवर ह्योच पाला वाटून लावायची. आता आई न्हाई... पन तिचं औषध खरं हुतं, बगा तुमी."

मग ताजा पाला हवा म्हणून निकिता पुन्हा आली. त्यानंतर पाला भरपूर होता, तरी आली...

प्रयोगशाळेत तिनं जंतू वाढवलेल्या काचेच्या ताटलीत अर्कात भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवल्या, तुलनेसाठी एक बाजारातल्या औषधाची. जंतू मेले तर चकतीभोवती स्वच्छ कडं उमटतं. औषधाच्या चकतीभोवती ते लख्ख उमटलं. दगडीपाल्याभोवती — काहीच नाही. तिनं प्रयोग पुन्हा केला. पुन्हा तेच.

मोबाईलवर त्याचा मेसेज येऊन पडला होता : 'काय म्हनतंय आईचं औषध?'

'थोडं दिसतंय' असं तिनं लिहिलं. त्याला किती बरं वाटलं असतं! पण ह्या माणसाशी खोटं बोलून सुरुवात करायची? तिनं ते पुसलं आणि खर्ड्याची एसटी धरली.

"माझ्या अर्कात काही सापडलं नाही, श्रीमंत," ती तटापाशी उभी राहून म्हणाली. "पाल्यात काहीच नाही, असं नव्हे. पण मला... नाही सापडलं."

भुरभुर पाऊस सुरू झाला. दोघंही जागचे हलले नाहीत.

"पाला लावायच्या आदी आई जखम कोमट पान्यानं धुवायची," तो हळूच म्हणाला. "रोज. शेळी लाथा झाडायची, तरी. त्यानंच बरं व्हत असंल का?"

"त्यानंही खूप फरक पडतो," ती म्हणाली. "खरंच."

त्यानं डोळ्यांवरून बाही फिरवली, पावसामुळे असेल. "ह्ये फोनवर बी सांगता आलं असतं."

"आलं असतं."

"मग?"

"तुम्ही एकटे असताना तुम्हाला ते कळू नये, असं वाटलं..."

श्रीमंत तिच्याकडे बघतच राहिला. मग चाचरत म्हणाला, "आता पाल्याचं काम सपलं. तुमी काय येनार न्हाई. मीच येऊ का नगरला... तुमच्या घरी?"

निकिताच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण तिनं नजर वळवली नाही.

"रविवारी या," ती म्हणाली. "बाबा घरी असतात."