अस्वलाचा मफलर

मी त्याच्यावर बसले, तिथून हे सगळं सुरू झालं.

ऑगस्ट महिना होता. बाहेर हॉलिवूडमध्ये अंगाची नुसती लाही होत होती आणि आमच्या स्टेजवर अलास्काचा हिवाळा लागला होता. सोन्याच्या शोधात निघालेले दोन उडाणटप्पू, त्यांच्या फजित्या, मधेमधे गाणी, असा आमचा चित्रपट. बर्फ म्हणजे पांढरा रंग दिलेले कॉर्नफ्लेक्स. पाऊल टाकलं की कुरुमकुरुम वाजायचे, पण गाणी आधीच रेकॉर्ड झालेली असायची, त्यामुळे नाचाच्या वेळी ते खपून जायचं. जेवणाच्या सुट्टीत मी दिव्यांपासून लांब, लाकडी खोपटाच्या सेटमागे गेले. तिथं अस्वलाचं कातडं पडलं होतं. पाय दुखत होते, बसले.

"बाई," कातडं म्हणालं, "बसा निवांत, घाई नाही... फक्त बरगडीवरून जरा सरकाल का?"

मी अशी उडाले की हातातली वही एकीकडे आणि पेन्सिल दुसरीकडे. त्यानं दोन्ही पंज्यांनी ती वही उचलून अदबीनं माझ्यापुढे धरली. आत होता ऑगी लिंडक्विस्ट. मिनेसोटातल्या गोठ्यात वाढलेला, नाचायच्या वेडापायी इथं आलेला. चित्रपटातलं सगळ्यात मोठं गाणं त्याचं होतं. खोपटात एकटी असलेली नायिका दारात आलेल्या अस्वलाला घाबरत नाही, त्याच्या गळ्यात लाल मफलर घालते आणि दोघं नाचतात.

मी मिली कोवाल, स्क्रिप्ट गर्ल. मफलर एका शॉटमध्ये डाव्या खांद्यावर आणि पुढच्यात उजव्या, असं पडद्यावर दिसू नये म्हणून कॅमेऱ्याशेजारी स्टुलावर बसून सगळं वहीत टिपायचं, हे माझं काम. त्या स्टुलापर्यंत पोचायला मी तीन वर्षं टायपिंगच्या खोलीत बोटं झिजवली होती. एक मोठी चूक झाली की परत तिथंच, हे मला पहिल्या दिवशीच बजावलं होतं.

अस्वलाचं मुंडकं अडकवायचे आकडे मानेमागे होते. पंजे घातल्यावर त्याला ते स्वतः काढता येत नसत आणि ज्याचं ते काम, तो कायम गायब. मग मीच काढायला लागले. जबड्यातून नळी घालून त्याला लिंबू सरबतही पाजायला लागले. लोक हसायचे. हसेनात का!

त्याची एक गंमत होती. मुंडकं डोक्यावर असेपर्यंत बोलण्यात कुणाला ऐकायचा नाही.

"मिस कोवाल, आज निळा फ्रॉक. माझी तर पावलं चुकणार."

"माझ्या फ्रॉकवर ढकलू नका. काल पिवळा होता, तेव्हाही चुकलीच होती."

"म्हणजे तुम्ही बघता तर... माझ्या पावलांकडे?"

"बघायचा पगार मिळतो मला. आणि हे सगळं मुंडकं काढून बोला की."

मी आकडे सोडवायची. आतून घामानं चिंब झालेले भुरे केस, साधा भला चेहरा, आणि कान असे लाल की बघत राहावं. ओठ हलायचे, थांबायचे... आणि शेवटी निघायचं काय, तर "आज फार उकडतंय, नाही?" मला हसू यायचं, आणि घरी गेल्यावर त्याच हसण्याचं रडू यायचं. कारण मला तो आवडायला लागला होता. फार आवडायला लागला होता.

गाणं दोन दिवस चाललं. पहिल्या दिवशी लांबून सगळा नाच घेतला. तो जडशीळ कातड्यात असा काही गिरकी घेत होता, जणू अंगावर नुसता सदराच आहे. नाच संपला, मी वहीत पाहिलं तर पान कोरं. मफलर कुठल्या खांद्यावर होता? मी डोळे मिटून आठवलं आणि ठोकून दिलं, उजव्या. दुसऱ्या दिवशी जवळचे शॉट त्याप्रमाणे झाले. तिसऱ्या दिवशी खोपटावर हिमकडा कोसळण्याचा प्रसंग होता, त्यात सेट जमीनदोस्त झाला.

चौथ्या दिवशी दिग्दर्शक, मिस्टर क्रँडल, रिळं बघून स्टेजवर आले. आवाज चढवणाऱ्यातले नव्हते ते, त्याचीच भीती वाटायची. म्हणाले, मफलर डावीकडून उजवीकडे उड्या मारतोय, सगळं गाणं फुकट गेलं, कुणाची चूक?

मी वही मिटून छातीशी धरली. तेवढ्यात अस्वल पुढे झालं.

"माझी, साहेब. घाईत मीच उलटा घेतला."

क्रँडल म्हणाले, मग दुसरा माणूस बघतो, कातडं उतरवून ठेवा. ऑगी मानेमागे पंजे खुपसून आकडे चाचपायला लागला. जमेना. सवयीनं मी गेले, हात लावला... आणि मग लक्षात आलं, हा आकडा निघाला की हा माणूस गेला. गप्प राहिले असते तर माझी वही, माझं स्टूल, सगळं शाबूत राहिलं असतं.

"चूक त्याची नाही," मी म्हणाले. "मफलर बरोबर होता. माझी वही चुकली. मी लिहीत नव्हते... मी बघत होते."

"काय बघत होतात?"

"ह्याला."

चाळीस माणसं स्टेजवर, पण एक कॉर्नफ्लेक वाजला नाही.

"मफलर दिसलाच नाही मला," म्हटलं. आता लपवण्यासारखं काय उरलं होतं? "मला हा आवडतो, मिस्टर क्रँडल. बरेच दिवस झाले."

माझ्या हातात आकडा सुटला, मुंडकं निघालं. कान लालभडक. मला वाटलं, आता म्हणणार, फार उकडतंय.

"साहेब," ऑगी म्हणाला, "मलाही... नाच पाठ नाही. ही कॅमेऱ्याजवळ बसते ना, तिच्याकडे तोंड करून नाचतो. एवढंच."

क्रँडल त्याच्याकडे वळले. "अच्छा," म्हणाले, "म्हणून हे अस्वल कधी कॅमेऱ्याला पाठ दाखवत नाही. आणि मी जो भेटेल त्याला तुझं कौतुक सांगत सुटलोय."

मग निकाल लागला. गुरुवारपर्यंत खोपट पुन्हा उभं करायचं. ऑगी राहील. वही दुसऱ्या मुलीकडे जाईल आणि सोमवारपासून मी टायपिंगच्या खोलीत. "पण गुरुवारी तुम्ही त्याच स्टुलावर बसायचं," ते मला म्हणाले. "लिहायचं नाही. हलायचं नाही."

त्या वहीसाठी मी बाथरूममध्ये जाऊन रडले, खोटं कशाला सांगू. तीन वर्षं होती ती माझी.

गुरुवारी मी रिकाम्या हातांनी बसले. तो नाचला, आणि मी पोटभर बघितलं. कुणाची चोरी नव्हती. शॉट संपला तसा तो थेट माझ्यापुढे आला आणि त्यानं मान वाकवली. मी सावकाश एकेक आकडा सोडवला. चेहरा घामानं निथळत होता, पण डोळे माझ्यावरून हलत नव्हते.

"मिली," त्यानं विचारलं, "आज मफलर कुठल्या खांद्यावर होता?"

"कुणाला ठाऊक," म्हटलं मी.