गादीतला कापूस

धनाजीला तुमी वळखता. आपल्याच भावकीतला, खोटं बोलायचा न्हाई. त्येनं सांगितलं तसंच सांगतो. तो मोबाईल खाली ठेव रं.

दोन वर्षं झाली. धनाजी कुपवाडात लेथवर कामाला लागला. बनाबाई म्हणून एक बाई, तिच्या घराची मागची खोली भाड्यानं घेतली. भिंतीपल्याड कारखाना, रातभर पत्रा ठोकायचा प्रेस चालायचा. आठ दिवस डोळ्याला डोळा न्हाई. लेथवर डुलकी लागली, बोट जाता जाता वाचलं.

पौषातली अवस, मंगळवार. कामावरनं येताना त्येनं मेणबत्ती घेतली, कापूस मातर इसरला. खोलीच्या कोपऱ्यात एक जुनी गादी पडलेली. तिचीच शिवण उसवली. कापूस पिवळा, चिकट, आंबूस वासाचा. पर झोपंपुढं वासाचं काय? मेण पातळ केलं, खोबरेल टाकलं, त्यात कापूस मळून शेंगदाण्याएवढे दोन बोळे वळले. कानात बसवले. प्रेस गप. सतरंजीवर पडला तसा घोरायलाच लागला.

पावणेदोनला जाग आली. कुणीतरी कण्हत व्हतं.

बोळे काढले. नुसता प्रेस.

परत घातले.

“कूस बदल गं...”

म्हातारीचा आवाज. लांबनं न्हाई. बोळ्यातनं.

“बने... पाठ सडली गं... कूस बदल...”

उजवा बोळा उपसला. गरम. फुगलेला. चिमटीत दाबला तसा त्यातनं पू आला, मनगटापतूर वघळला. डावा निघंना. नखानं वढला... कापूस यायलाच लागला. वीतभर. हातभर. वल्ला. मधी मधी पांढरं केस. धनाजी तिथंच वकला.

दोन्ही कान मोकळे. तरी आवाज थांबंना. आता कोपऱ्यातनं येत व्हता.

“कूस...”

शेवटी त्येनं श्वास धरला आन् गादीला हात घातला. जड. माणसाएवढी जड. कशीबशी उलटी केली. खालच्या अंगाला माणसाच्या आकाराचा डाग. वल्ला. त्यात अळ्या वळवळत व्हत्या.

मग कुणीतरी सुस्कारा सोडला...

बस. परत प्रेस.

सकाळी त्येनं इचारलं, “मावशी, गादी कुणाची?”

“सासूची,” बनाबाई म्हणाली. “वरीसभर पडून व्हती त्यावर.”

“रातची हाका मारायची का?”

बनाबाईनं कानाशी बोट नेलं.

“मी कानात कापूस घालून निजायची. मला न्हाई कवा ऐकू आलं.”

धनाजीनं ती गादी माळावर नेली. दोन्ही बोळे तिच्यावर टाकले, रॉकेल वतून जाळलं. खोली सोडली. पर उजवा कान ठणकायचा ऱ्हाईना, म्हणून आठ दिसांनी सांगलीला डॉक्टरकडं गेला. डॉक्टरनं बॅटरी लावली, चिमटा आत घातला आन् खोलातनं एक बोळा काढून त्येच्या तळहातावर ठेवला.

जुना. मळानं काळा पडलेला. मेणाचा थेंब न्हाई.

नुसता कापूस...