पेनमधला आवाज

"अहो, हा शांपूच ना?" दुकानात शेजारी कुणीतरी थांबल्याची चाहूल लागली, तसं तिने विचारलं.

"कंडिशनर," तो म्हणाला, आणि मग बाटलीवरचं सगळं वाचत सुटला... अगदी 'थंड, कोरड्या जागी ठेवा'पर्यंत. तिला हसू आवरेना.

तो अंधांसाठीच्या साधनांच्या केंद्रात कामाला होता. ती फिजिओथेरपिस्ट. कुणाचा कुठला स्नायू आखडलाय हे तिची बोटं क्षणात सांगायची, पण दिसत नसल्यामुळे घरातले डबे मात्र हलवून ओळखावे लागायचे. आठवडाभरात तो बोलणारं पेन घेऊन तिच्या घरी आला, महिन्यापुरतं उसनं. डब्याला स्टिकर लावायचा, त्यावर पेन टेकवून नाव बोलायचं. पुन्हा टेकवलं की पेन तेच ऐकवतं. ती चिकटवत गेली, तो बोलत गेला. साखर... मीठ... 'कॉफी—जरा बेतानं.' घरात तिच्या वहिनीने त्याचं नावच ठेवलं, तळटीप.

मग साखर नको असली तरी साखरेच्या डब्याला पेन लागू लागलं.

"अगं, साखरच आहे अजून," वहिनी म्हणायची. "बदलली की सांगेन."

महिना संपला. तिचं स्वतःचं पेन आलं, आणि जुनं न्यायला तो. तिने नवं पेन साखरेला टेकवलं. गप्प.

"आवाज स्टिकरमध्ये नसतो," तो हळूच म्हणाला. "पेनमध्ये असतो. जुनं पुसून दुसऱ्या कुणाला द्यायचंय. नव्यात तुम्ही तुमच्याच आवाजात भरा... तेच बरं."

ती जुनं पेन त्याच्या डबीत ठेवून आणते म्हणून आत गेली. एक स्टिकर डबीच्या तळाशी लावला, त्यावर तेच जुनं पेन टेकवलं आणि पुटपुटली, "तुमचा आवाज या घरात हवाय मला. डब्यांसाठी नाही." बाहेर येऊन डबी त्याच्या हातात दिली. शेवटची ओळसुद्धा न सोडणारा माणूस... पण हीच नेमकी राहून गेली तर?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं.

"पुसलं?" तिने विचारलं.

"पुसावंच लागलं. पण... पाठ झालंय."

तिचं नवं पेन आणि एक स्टिकर मागून घेऊन तो खिडकीपाशी जाऊन काहीतरी कुजबुजला. परत आला, पेन तिच्या बोटांत दिलं आणि तिचा हात धरून ते स्वतःच्या शर्टाच्या खिशावर लावलेल्या स्टिकरला टेकवलं.

पेन बोललं, "मी. थंड, कोरड्या जागी ठेवू नये."

तिने पुन्हा टेकवलं.