आंबेखिंडीचा चढ

जेवणाच्या सुट्टीआधी जयमाला तायडे तिसऱ्यांदा मेली. आभासी इंजिनाच्या कोठडीतून बाहेर येऊन तिने दाहवस्त्र उतरवलं, हातांवर फोड आलेत का ते पाहिलं आणि डबा उघडला. फोड नव्हतेच. दाहवस्त्र कातडीला धक्का लावत नाही. भाजल्याची खबर तेवढी थेट मज्जातंतूंना देतं, आणि ती खबर पुरती खरी असते.

पर्यटन कंपनीने आंबेखिंडीच्या घाटात वाफेची गाडी पुन्हा सुरू करायची ठरवली, तेव्हा इंजिनं मिळाली, पण भट्टी सांभाळणारे हात, म्हणजे फायरमन, मिळेनात. नव्यांना शिकवायला जुन्यांपैकी एकटे मुनीर उस्ताद सापडले, ऐंशीला टेकलेले, डावा गाल वाफेने सोललेला. संगणकवाल्यांनी वेदना दहा टक्क्यांवर ठेवली होती. उस्तादांनी ती शंभरावर नेली.

जयमालाची खोड एकच होती. चढावर वाफेच्या दाबाचा काटा पडू लागला की ती बॉयलरचं पाणी बंद करायची. गार पाणी आत गेलं नाही की काटा वर राहतो, गाडी झोकात चढते, आणि फायरमनला आपण फार हुशार असल्यासारखं वाटतं. मग माथा येतो. इंजिन पुढे झुकतं, उरलंसुरलं पाणी पुढे धावतं, आणि एरवी पाण्याखाली असलेलं भट्टीचं छप्पर उघडं पडून चुलीवर विसरलेल्या रिकाम्या कढईसारखं लाल होतं. ते फाटलं की सगळी वाफ माणसांच्या अंगावर येते. उस्तादांचा ड्रायव्हर असाच गेला होता. त्याला ओढून काढताना त्याच्या दंडाची कातडी उस्तादांच्या हातात आली होती. तीच वाफ त्यांनी आठवून आठवून या कोठडीत भरली होती.

"उस्ताद, जरा कमी करा ना," ती एकदाच म्हणाली.

"बेटा, वाफ कमी करत नाही," म्हणत त्यांनी पुन्हा बटण दाबलं.

एक्केचाळीस मरणांनंतर तिची खोड गेली.

खऱ्या गाडीवर ड्रायव्हर होता वामन खरात. डिझेल इंजिनांवर केस पिकवलेला, पण दाहवस्त्र न घातलेला, कारण ते फक्त फायरमनांसाठी होतं. रविवारी सहा डब्यांत तीनशे माणसं होती. माथा दोन वळणांवर असताना काटा पडला आणि खरातने स्वतःच पाण्याची दांडी बंद करून मुठीत धरली. बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचनळीत जेमतेम बोटभर पाणी दिसत होतं. तिने दोनदा सांगितलं. तो म्हणाला, इथे अडकलो तर गाडी मागे घसरेल, माथ्यावर भरू. त्याचंही काही अगदीच चुकीचं नव्हतं.

पण जयमालाच्या पाठीवर चटका उठला, काहीच भाजलेलं नसताना. तिने फावड्याची धार त्याच्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज इंजिनाच्या धडधडीतही ऐकू आला. तो शिव्या देत अंगावर आला, तेव्हा तिने दुसरा घाव गुडघ्यावर घातला. तो कोळशात कोसळला. तिने दांडी उघडली आणि गाडी रखडत रखडत माथा ओलांडून गेली. डब्यांतली माणसं दरीचे फोटो काढत होती.

भट्टीच्या छपरात शिशाचा एक प्लग असतो. पाणी हटलं की आधी तो वितळतो. चौकशीत तो धडधाकट निघाला. खरातची माणसं म्हणाली, धोका नव्हताच. उस्ताद म्हणाले, पोरीने पाणी सोडलं म्हणूनच तो टिकला. चौकशी तिथेच अडली. जयमालाला नोकरीपेक्षा तीच गोष्ट खात होती: आपण माणसं वाचवली, की एका माणसाला उगाच लुळं केलं?

आठव्या दिवशी खरात लंगडत कोठडीशी आला. हात प्लास्टरमध्ये होता. त्याला दाहवस्त्र घालायचं होतं. उस्तादांनी बाही कापून दिली, तोच चढ, तेवढंच पाणी लावलं आणि दांडी त्याच्या मर्जीवर सोडली. त्याने ती बंदच ठेवली. मग आतून आलेली किंकाळी जयमालाने कान झाकूनही ऐकली.

बाहेर येऊन तो भिंतीला टेकून बसला. तिने दिलेलं पाणी त्याने डाव्या हाताने प्यायलं.

"मनगटावर आणि गुडघ्यावरच का थांबलीस गं?" तो हळूच म्हणाला.

उत्तर तिला ठाऊक होतं. तिने रिकामा पेला परत घेतला. तो कोळशातून पुन्हा उठला असता, तर तिसरा घाव डोक्यावर बसला असता. त्या दिवशी फावडं तसं उचललेलंच होतं. हे तिला दाहवस्त्राने शिकवलं, की आधीपासून तिच्यात होतं ते त्याने नुसतं पेटवलं?