सराईच्या भिंतीतला सन

सराईच्या ओसरीतला सनाचा दगड रविवारी दुपारी चोरीला गेला. मंगळवारी वारसा समितीचा अधिकारी पाहणीला येणार होता. मधे उरला एकच सोमवार, आणि त्या सकाळी सराईची मालकीण वहिनींच्या दारात उभी राहिली.

वहिनी खासगी तपासाची कामं घेत. सोबतीला त्यांचे दीर, निवृत्त नकाशाकार. हात तरबेज, डोकं जरा सावकाश. सगळेच त्यांना भाऊजी म्हणत.

मालकिणीने सांगितलं ते असं. हमरस्ता रुंद व्हायचा होता आणि सराई आड येत होती. ती दीडशे वर्षांहून जुनी ठरली तरच वाचणार होती. पुरावा काय, तर बांधणीचा सन कोरलेला तो हातभर दगड. रविवारी ती लग्नाला गेली. परतली तर भिंतीत भगदाड.

ओसरीत पोचल्यावर भाऊजींनी वही काढली आणि दिसेल ते रेखाटू लागले. भिंत सगळी पांढऱ्या चुन्याची. भगदाडाच्या कडांना मात्र करडं सिमेंट. खाली एक गादी, मधोमध दबलेली. बाकाखाली गिलाव्याचे तीन तुकडे, ओरखडे उठलेले. बाकीचा चुरा मालकिणीने सकाळीच झाडून ओढ्यात टाकला होता. पाहुणा येणार, तर कचरा कशाला ठेवायचा?

तिच्या धाकट्या भावाला सराई विकायची होती आणि त्याने ते लपवलं नाही. रविवारी तो नदीवर गळ टाकून बसला होता. साक्षीला मासेच, म्हणाला. दगड हाती लागता तर घणाने फोडला असता, हेही वर ऐकवलं. त्याला चोर ठरवायला भाऊजींना तेवढं पुरलं.

मग मास्तर आले. मालकिणीच्या वडिलांचे दोस्त, तीस वर्षं खपून त्यांनी सराईचा इतिहास लिहिला होता. ओसरीची एक किल्ली त्यांच्याकडेही असे. गल्ल्याजवळ त्यांच्या पुस्तकाच्या दोन आवृत्त्या होत्या. जुनीच्या मुखपृष्ठावर दगड. गेल्या महिन्यातल्या नवीवर नुसतं फाटक. वहिनींनी दोन्ही बसून चाळल्या. नवीत बांधणीचा सन कुठेच नव्हता.

चार वाजता त्यांनी सगळ्यांना ओसरीत बसवलं.

"आधी दगड ओळखू या," त्या म्हणाल्या. "चुन्याच्या भिंतीत सिमेंट आलं कुठून? दगड मागाहून बसवलाय. सन खोटा आहे."

"भावाने तो फोडला असता. इथे कुणीतरी खाली गादी अंथरलीय, दगडाला ओरखडा पडू नये म्हणून. इतका जीव असणारा माणूस दगड पळवतो कधी? अधिकाऱ्यासमोर तो उघडा पडणार असेल तेव्हा. आणि सन खोटा हे कळलं कुणाला? ज्याने तो आपल्या पुस्तकातून काढला त्याला."

मास्तरांनी चष्मा उतरवला. "दगड कोरणाऱ्या पाथरवटाच्या लेकीने सांगितलं," ते मालकिणीला म्हणाले. "तुझ्या बाबांनीच करून घेतला होता, गिऱ्हाईक आटलं तेव्हा. चोरीला गेला तर निदान खोटा तरी ठरणार नाही, असं वाटलं गं. माझ्या कपाटामागे आहे."

वहिनींनी भाऊजींची वही मागितली. त्यांनी ओरखडे जसेच्या तसे काढले होते, न समजता. तीन तुकड्यांची पानं सोडवून शेजारी ठेवली आणि भाऊजींनाच अक्षरं दिसली: कुणा वाटसरूचं अर्धं नाव, खाली सन. दगडावरच्या सनाहून नव्वद वर्षं जुना.

"मुक्कामाला थांबणारे भिंतीवर नावं कोरून जात असणार," वहिनी हळू म्हणाल्या. "बाबांनी दगड बसवला तो नेमका त्यांच्यावर. सिमेंट निघालं तसा गिलावाही आला."

"आणि मी तो झाडला," मालकीण म्हणाली.

भाऊ उठून ओढ्यावर गेला. तासाभराने गुडघ्यापर्यंत भिजून, रिकाम्या हाताने परत आला.

तक्रार मालकिणीने केली नाही. मंगळवारी अधिकाऱ्याने तीन तुकडे उलटेसुलटे करून पाहिले. ते याच भिंतीचे कशावरून, असं विचारलं. जोडून दाखवायचा तो गिलावा ओढ्यात वाहून गेला होता. मग त्याने भगदाडात हात घातला.

"इथे काय होतं?"

मालकीण दगडाचं सांगेल असं भाऊजींना वाटलं. पण मास्तरच पुढे झाले.

"माणसांची नावं होती, साहेब," ते म्हणाले. "मी पाडली."

अधिकाऱ्याने तेही लिहून घेतलं.