धरून ठेवलेला

“तीन भांडी पाणी प्यायचं आणि पाऊण तास धरून ठेवायचं. उठा म्हटल्याशिवाय उठायचं नाही.”

किरणोपचार विभागातल्या तंत्रज्ञाचा तो सपाट आवाज सायलीताईंना सहा वर्षांनीही तसाच ऐकू आला. दारालगतचं बाकडं तेच होतं, भिंतीचा पिस्ता रंगही तोच. आज मात्र रुग्णालयाने त्यांना सत्काराला बोलावलं होतं. शाल, नारळ, आणि भिंतीवर त्यांच्या यजमानांचं, हेरंब देवस्थळींचं नाव.

हेरंबला प्रोस्टेटचा कर्करोग झाला होता. ही ग्रंथी मूत्राशयाच्या खाली, गुदाशयाला टेकून असते. मूत्राशय कमीजास्त भरलं की तीही तांदळाच्या दाण्याएवढी सरकते, आणि तेवढ्यानेच किरण भलत्या जागी लागतात. म्हणून मूत्राशय रोज सारखंच भरायचं, आधी आतलं चित्र घ्यायचं, मगच किरण सोडायचे. असे एकोणचाळीस दिवस.

त्या दिवसांत सायलीताईंनी नेम धरला होता. “तू उठून बाहेर येईस्तोवर मी पाण्याला शिवणार नाही.”

“वा! मी तीन भांडी ढोसायची आणि तू कोरडी,” हेरंब हसला होता. “म्हणजे दोघांत मिळून दीड-दीड!”

तो रोज बाहेर येई, धावतपळत स्वच्छतागृहाकडे जाई आणि परतताना त्यांच्या हातात पेला देई. पण दुखणं आधीच हाडांत उतरलं होतं. पुढच्या चैत्रात तो गेला.

“हा त्यांचा प्रतिदेह,” डॉ. नुपूर भोईटे पडद्याकडे बोट दाखवत म्हणाल्या. एकोणचाळीस दिवसांच्या चित्रांतून यंत्राने विणलेला हेरंब. राखाडी, आरपार दिसणारा, श्वास घेणारा. “नव्या रुग्णाचा आजार आधी याला द्यायचा, किरण आधी याच्यावर सोडून पाहायचे, आणि चूक झाली तर ती याच्यावर होऊ द्यायची. काका इतके निश्चल पडून राहायचे ना, की एवढी स्वच्छ चित्रं दुसऱ्या कुणाची नाहीत. आपल्या इथला आजचा हजारावा रुग्ण, काकू!”

“बरे झाले सगळे?”

“बरेचसे.”

सायलीताईंनी पडद्याला हात जोडले. मग त्यांची नजर वरच्या कोपऱ्यात गेली. “ही तांबडी रेघ कसली गं?”

“ती लघवीची कळ. मूत्राशय तुडुंब भरलं की माणूस चुळबुळतो आणि किरण हुकतात. तो केव्हा हलेल हे आधी कळायला हवं, म्हणून त्या नसाही घातल्यात.”

“म्हणजे त्याला लागलीय?”

डॉक्टर हसल्या. मग त्यांनी हसू आवरलं. “यंत्राला काही होत नाही, असं आम्ही धरून चालतो.”

“रेघ खाली कधी येते?”

“येत नाही.”

“सहा वर्षं?” सायलीताईंचा आवाज चढला नाही. तो कधीच चढत नसे. “एकदा जाऊन येऊ दे ना त्याला.”

“तसं चित्रच नाही, काकू. आमची सगळी चित्रं भरलेल्या मूत्राशयाची. मोकळं झालेलं शरीर आम्ही कधी टिपलंच नाही. याला मोकळं होणं ठाऊकच नाही.”

“मग बंद करा.”

“चाळीस शहरांत प्रती आहेत याच्या. आत्ता या घडीला कितीतरी माणसं टेबलावर आहेत, याच्या भरवशावर. आणि संमतीवर सही काकांचीच आहे.”

सायलीताई पडद्याजवळ सरकल्या. राखाडी छाती वर झाली, खाली गेली. रेघ होती तिथेच होती.

शेजारच्या सभागृहात माईक तपासत होते. शिपायाने चहा-पाण्याचा ट्रे पुढे केला. सायलीताईंनी सवयीने पेला उचलला, ओठांपाशी नेला, आणि एक थेंबही न सांडता परत ठेवला.

“काकू, सगळे खोळंबलेत. चलता ना?” डॉक्टरांनी विचारलं.

“तुम्ही व्हा पुढे.”

आल्या आल्या खांद्यावर घातलेली शाल त्यांनी घडी करून नारळाशेजारी ठेवली. बाहेर येऊन त्या दारालगतच्या बाकड्यावर, आपल्या जुन्या जागी बसल्या. चपला काढल्या, पाय वर घेतले, पिशवीतून जपाची माळ काढली, आणि बंद दाराकडे तोंड करून पहिला मणी ओढला.