दोरीपलीकडचं गवत

लिनेआने गाडी आपल्या नव्या घरासमोर थांबवली आणि पाहिलं, तर तिच्या अंगणात एक अनोळखी माणूस गवत कापत होता. अर्धं कापूनही झालं होतं.

"थांबा! अहो, थांबा!"

मशीन बंद झालं. तो वळला. तिशीचा, उंच, आणि कानापर्यंत लाल झालेला.

"मी एव्हरेट... शेजारचा. तुम्ही चार दिवस दिसला नाहीत, म्हणून म्हटलं—"

विस्कॉन्सिनमधल्या त्या गावाची रीतच होती ती. शेजारी बाहेरगावी गेला की न विचारता त्याचं गवत कापायचं. न कापणारा माणूस आढ्यतेखोर ठरायचा.

"मुद्दाम वाढवलं होतं मी," लिनेआ म्हणाली. "मे महिनाभर कापायचंच नव्हतं. मधमाश्यांसाठी. पाटीसुद्धा लावली होती!"

पाटी वाऱ्याने झुडपात जाऊन पडली होती. त्याने ती उचलली, बाहीने पुसली आणि तिच्यापुढे धरली. पाटीवर एक जाडजूड मधमाशी हसत होती.

"लहान मुलांनी काढलीय वाटतं?"

"मी काढलीय. मी मुलांना शिकवते."

"छान आहे... म्हणजे, खात्यापित्या घरची दिसते."

लिनेआला हसू फुटत होतं. पण आडव्या झालेल्या जांभळ्या रानफुलांकडे पाहून तिने ते आवरलं.

"भरपाई द्या आता."

"काय देऊ?"

"तुमचं गवत. माझं जेवढं कापलंत तेवढंच. महिनाभर त्याला हात लावायचा नाही, औषध मारायचं नाही."

एव्हरेटचा चेहरा उतरला. ते गवत त्याचं नव्हतंच, त्याच्या वडिलांचं होतं. हार्लननी तीस वर्षं ते गालिच्यासारखं राखलं होतं. एक पिवळं फूल दिसलं तर त्यांचं जेवण अडायचं. दर वसंतात फवारणीवाले येत आणि 'आत येऊ नका' अशा छोट्या झेंड्या रोवून जात. सध्या हार्लन खुब्याच्या ऑपरेशनमुळे शेजारच्या शहरात होते. महिनाअखेरीस परतणार होते.

"बरं," एव्हरेट म्हणाला. का म्हणाला, ते त्यालाही कळलं नाही.

दोघांनी पावलांनी जागा मोजली, खुंट्या ठोकल्या, दोरी बांधली. फवारणीवाल्यांना त्याने नको म्हणून कळवलं.

मग रोज संध्याकाळी लिनेआ 'तपासणीला' येऊ लागली. पाऊस नुकताच थांबलेला असे, मातीला ओला वास असे. क्लोव्हर या तिपानी रोपाच्या पांढऱ्या गोंड्यांवर ओणवून ती मधमाश्या मोजायची. तोही मोजायचा... पण त्याचा आकडा नेहमी चुकायचा.

"लक्ष कुठे असतं तुमचं?"

"इथेच की."

"इथे म्हणजे गवतात बघायचं असतं."

एकदा तिने त्याचं मशीन उलटं करून पाहिलं. "पातं केवढं बोथट! हे कापत नाही, ओरबाडतं. म्हणून तर टोकं पिवळी पडतात."

"बाई, माझ्या पात्याला नावं ठेवू नका."

पण दुसऱ्या दिवशी तो धार लावलेलं पातं घेऊन तिच्या दारात उभा होता, पाटी दाखवायला आलेल्या मुलासारखा. तिने बरोबरची खूण हवेतच काढली. त्या दिवसापासून 'तुम्ही'चं 'तू' झालं.

समोरच्या मिसेस प्रिबिल खिडकीतून ओरडायच्या, "एव्हरेट, मशीन विकलंस की काय रे? की शेजारीण महाग पडली?"

मे संपत आला. एका संध्याकाळी तो म्हणाला, "बाबा शुक्रवारी येतायत."

"मग?"

"गुरुवारी कापून टाकतो. त्यांनी हे पाहिलं तर..."

"सांग ना त्यांना, शेजारणीने हट्ट धरला म्हणून."

"हट्टासाठी नाही ठेवलं मी."

"मग कशासाठी?"

त्याने तोंड उघडलं. "यंदा... पाऊस बरा झाला," तो म्हणाला.

लिनेआ उठली, गुडघ्यांवरची माती झटकली. "काप. मी रागावणार नाही."

ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला रात्रभर वाटत राहिलं.

गुरुवारी त्याने मशीन दोरीपाशी आणलं. पण चालू केलं नाही. शुक्रवारी दुपारी हार्लन काठी टेकत गाडीतून उतरले, तेव्हाही ते तिथेच होतं. घोट्याच्या वर गवत, त्यात पिवळी, पांढरी, जांभळी फुलं. आपल्या पायरीवर बसलेली लिनेआ आत जायला उठली... पण गेली नाही.

"मशीन बिघडलं?" हार्लननी विचारलं.

"नाही, बाबा."

"पाठ धरली तुझी?"

"नाही."

"मग कुणी गेलं का गल्लीत?"

"बाबा, मला ती आवडते."

"कोण, ही?" हार्लननी काठी एका पिवळ्या फुलावर रोखली.

"शेजारची. लिनेआ. तिला मधमाश्या हव्या होत्या. आणि मला... तिने रोज यावं असं वाटत होतं. म्हणून नाही कापलं."

हार्लननी काठीच्या टोकाने गवत बाजूला सारून पाहिलं. तीस वर्षांची मेहनत होती ती. एव्हरेटला त्यांच्याकडे बघवेना.

"तिला माहीत आहे हे?"

"नाही."

"आता झालं माहीत," हार्लन म्हणाले आणि काठीने शेजारच्या पायरीकडे खूण केली. "जून लागला की कापायचं. मी खुर्ची टाकून बसणार आहे."

"उंच ठेवून, काका!" लिनेआ लगबगीने दोरीपाशी येत म्हणाली. "चार बोटं तरी. आणि कापलेलं तिथेच पडू द्यायचं, त्याचंच खत होतं."

"आणि तण?"

"त्यातलं निम्मं तण नाहीच मुळी."

"निम्मं!" हार्लन फणकारले. "एव्हरेट, ही भांडणार बरं का." आणि काठी आपटत ते आत गेले; दार मात्र त्यांनी हळूच लावलं.

"मला हे जरा वेगळं... नीट सांगायचं होतं," एव्हरेट म्हणाला.

"मग सांग नीट."

त्याने श्वास घेतला, तेवढ्यात एक मधमाशी येऊन त्याच्या कॉलरवर बसली.

"हलू नकोस," लिनेआ म्हणाली. ती दोरी ओलांडून आली, टाचा उंचावून पाहू लागली. इतक्या जवळून, की तिचा श्वास त्याच्या मानेला लागला.

मधमाशी उडाली. तो हलला नाही. ती मागे सरली नाही.